सीएचरूटमध्ये पॅकेज बिल्ड फसतं तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियनवर डेबूटस्ट्रॅपने (किमान डेबियन एका डिरेक्टरीत मांडणारं साधन) ‘मिनबेस’ म्हणजे अगदी लहान प्रकारचा सीएचरूट उभा केला. सीएचरूट म्हणजे चालत्या सिस्टिमच्या एका डिरेक्टरीत मांडलेली वेगळी सिस्टिम, जिच्यात गेलेल्या प्रोसेसला तीच डिरेक्टरी ‘/’ वाटते. जागा वाचावी म्हणून त्यात जीसीसी हा कंपायलर आणि बिल्ड चालवणारं मेक ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ (शिफारस केलेली पॅकेजेस नकोत) लावून टाकले. कॉन्फिगर (बिल्डआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं तर ते ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ म्हणून थांबतं. जीसीसीला व्हर्जन विचारलं तर तो नीट उत्तर देतो, आणि तोच सोर्स बाहेर मूळ सिस्टिमवर बिनतक्रार बिल्ड होतो. सीएचरूट पुसून नव्याने बनवला तरी फरक नाही.

तुमच्या अडचणीचं उत्तर आधी देतो. व्हर्जन सांगताना जीसीसी काहीच कंपाइल करत नाही, लिंक तर त्याहून नाही. त्यामुळे ‘कंपायलर चालतोय’ याचा तो पुरावा होत नाही. कॉन्फिगर मात्र एक चार ओळींचा प्रोग्राम लिहून तो खरोखर लिंक करून (तुकडे जोडून चालणारी फाइल बनवून) बघतं. त्या प्रयत्नात काय झालं हे स्क्रीनवर येत नाही, ते बिल्ड डिरेक्टरीतल्या कॉन्फिग-लॉग फाइलमध्ये असतं. ती उघडा. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत तिथे एलडी या लिंकरची तक्रार सापडेल, की त्याला सीआरटी१-डॉट-ओ किंवा एस-सीआरटी१-डॉट-ओ मिळत नाहीये. मेन फंक्शनच्या आधी चालणारा सुरुवातीचा कोड या फाइलींमध्ये असतो. डेबियनमध्ये तो जीसीसीच्या पॅकेजात येत नाही, लिबसी६-डेव्ह या पॅकेजात येतो. आणि जीसीसी त्या पॅकेजाची फक्त शिफारस करतो, सक्ती करत नाही. तुम्ही शिफारशी बंद केल्यात, म्हणून कंपायलर आला, पण सी लायब्ररीच्या हेडर फाइली आणि हा सुरुवातीचा कोड दोन्ही बाहेरच राहिले.

उपाय सरळ आहे: बिल्डला लागणारं मूलभूत सामान एकत्र आणणारं बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाका. पुढच्या वेळी डेबूटस्ट्रॅपला ‘मिनबेस’ऐवजी ‘बिल्डडी’ प्रकार सांगा, म्हणजे बिल्ड-इसेन्शियल सुरुवातीपासूनच आत असेल. फेडोराच्या जुन्या आवृत्त्यांत याचाच भाऊबंद भेटायचा. अगदी किमान सिस्टिममध्ये पायथनचं सी एक्सटेन्शन बिल्ड करायला गेलं की जीसीसी ‘रेडहॅट-हार्डन्ड-सीसी१’ नावाची फाइल नाही म्हणून अडायचा. पायथन ज्या फ्लॅग्जनी बिल्ड झाला तेच फ्लॅग्ज तो एक्सटेन्शनलाही लावायचा, आणि त्यांत उल्लेख असलेली ती फाइल रेडहॅट-आरपीएम-कॉन्फिग या पॅकेजात असते. दोन्हीकडे कंपायलर ठीकच होता, त्याच्या आजूबाजूचं सामान आलेलं नव्हतं.

आता सीएचरूट पुन्हा बनवूनही फरक का पडला नाही, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. पुन्हा बनवताना आज्ञा त्याच होत्या, म्हणून उणीवही तीच राहिली. सीएचरूटमधल्या बिघाडाकडे मी एकाच प्रश्नाने बघतो: ही गोष्ट भिंतीच्या आत शोधली जाते की बाहेरून येते? सीएचरूट हा सिस्टिम कॉल १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आला आणि तो आजही मुळात एकच काम करतो. प्रोसेसने ‘/’ म्हटलं की कोणती डिरेक्टरी समजायची, एवढंच तो बदलतो. फाइली, लायब्ररी, कॉन्फिगरेशन, टाइमझोन, लोकेल हे सगळं आतलं. कर्नल, मेमरी, घड्याळ, नेटवर्क, प्रोसेसची यादी, युजरचे नंबर आणि तुम्ही शेलमधून सोबत नेलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हे सगळं बाहेरचं. एरर हातात आली की ती कोणत्या बाजूची, हे आधी ठरवा. शोध निम्म्यावर येतो.

पण त्यासाठी खरी एरर हातात यायला हवी, आणि बहुतेकांचा वेळ इथेच जातो. मेकच्या आउटपुटची शेवटची ओळ ‘एरर १’ किंवा ‘एरर २’ असते. ती फक्त सांगते की खाली कुणीतरी अपयशी झालं. समांतर बिल्डमध्ये एक काम पडलं तरी सुरू असलेली बाकीची कामं पुरी होऊ दिली जातात, त्यामुळे खऱ्या एररच्या खाली शेकडो निरुपद्रवी ओळी साचतात. ‘वेटिंग फॉर अनफिनिश्ड जॉब्ज’ ही ओळ शोधा आणि तिथून वर चढा. तरी गोंधळ वाटला तर त्याच डिरेक्टरीत मेक पुन्हा चालवा, ‘जे’ पर्यायाला १ द्या आणि व्ही=१ लावा. एका वेळी एकच आज्ञा, तीही पूर्ण लांबीची दिसेल. ती आज्ञा उचलून हाताने चालवता येते, आणि सगळं पॅकेज पुन्हा पुन्हा बिल्ड करण्यापेक्षा हे कितीतरी पटीने लवकर होतं. एका गोष्टीची नोंद मात्र ठेवा. समांतर चालवल्यावर पडणारं पॅकेज एकेक कामाने पार पडलं, तर मेकफाइलमध्ये कुठेतरी अवलंबित्व लिहायचं राहिलं आहे. तो पॅकेजचाच दोष, सीएचरूटचा नव्हे.

कॉन्फिग-लॉग वाचायचीही एक रीत आहे. फाइलच्या शेवटी व्हेरिएबलांची लांबलचक यादी असते, तिथे उत्तर नसतं. स्क्रीनवर आलेलं एररचं वाक्य त्या फाइलमध्ये शोधा आणि त्याच्या लगेच वर बघा. ‘फेल्ड प्रोग्राम वॉज’ या ओळीखाली चाचणीचा प्रोग्राम दिसेल, त्याच्याही वर कंपायलरचं स्वतःचं म्हणणं असेल. कॉन्फिगरऐवजी मेसन वापरणाऱ्यांनी मेसन-लॉग्ज डिरेक्टरीतली मेसन-लॉग फाइल बघावी. सीमेकमध्ये ३.२६ आवृत्तीपासून सीमेक-कॉन्फिगर-लॉग नावाची यामल फाइल तयार होते, त्याआधी सीमेक-एरर-लॉग असायची. सीमेकच्या लॉगमध्ये अपयशी चाचण्या भरपूर दिसतात आणि त्यातल्या बहुतेकांचं अपयश अपेक्षितच असतं. प्रत्येकीच्या मागे लागू नका.

आता माउंट, म्हणजे फाइलसिस्टिम एखाद्या डिरेक्टरीला जोडणं. हाताने बनवलेल्या सीएचरूटमध्ये सर्वांत जास्त बिघाड इथले असतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. ‘/प्रॉक’, ‘/सिस’, ‘/डेव्ह’, ‘/डेव्ह/पीटीएस’ आणि ‘/डेव्ह/एसएचएम’ हे आत हवेत. यातलं काही नसेल तर बिल्ड लगेच थांबतं असं नाही, आणि धोका तिथेच आहे.

‘/डेव्ह/नल’ घ्या. ‘/डेव्ह’ डिरेक्टरी रिकामी असताना तुम्ही रूट म्हणून आत गेलात आणि एखाद्या स्क्रिप्टने आपलं आउटपुट ‘/डेव्ह/नल’कडे वळवलं, तर शेल कुरकुर न करता त्या नावाची साधी फाइल तयार करतो. पुढचं प्रत्येक आउटपुट त्या फाइलीत लिहिलं जातं. मग एखादा प्रोग्राम तिथून वाचायला जातो. त्याला रिकामं इनपुट अपेक्षित असतं, पण मिळतो आधीच्या कुठल्यातरी आज्ञेचा मजकूर. कॉन्फिगरच्या चाचण्या विचित्र निकाल देतात, साध्या युजरला ‘परमिशन डिनाइड’ येतं, आणि एररचा मूळ कारणाशी काहीही संबंध दिसत नाही. तपासणी सोपी आहे: एलएस-एल करा. ओळीची सुरुवात ‘सी’ या अक्षराने हवी आणि आकाराच्या जागी १, ३ हे आकडे हवेत. सुरुवातीला ‘-’ दिसला तर ती साधी फाइल आहे, ती काढून टाका आणि ‘/डेव्ह’ नीट माउंट करा. डिव्हाइस बरोबर दिसत असूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल, तर सीएचरूट ज्या फाइलसिस्टिमवर आहे ती ‘नोडेव्ह’ पर्यायाने माउंट झालेली असू शकते. ‘नोएक्झेक’ असेल तर कॉन्फिगर म्हणेल की कंपाइल झालेले प्रोग्राम चालवता येत नाहीत, तुम्ही क्रॉस-कंपाइल तर करत नाही ना. तुमच्या मूळ एररसारखीच वाटणारी, पण पूर्ण वेगळी एरर. एकीत लिंक झालं नाही, दुसरीत लिंक झालं पण चाललं नाही.

‘/डेव्ह/एसएचएम’चं दुखणं आणखी उशिरा वर येतं. ते नसताना पायथन सोर्समधून बिल्ड केलात तर बिल्ड यशस्वी होतं. कॉन्फिगर फक्त एका ओळीत नोंदवतं की पॉसिक्स सेमाफोर उपलब्ध नाहीत, आणि पुढे जातं. काही दिवसांनी कुणीतरी मल्टिप्रोसेसिंग वापरतं आणि ‘या प्लॅटफॉर्मवर चालणारं सेम-ओपन नाही’ अशी एरर मिळते. तेव्हा दोष पायथनचा वाटतो, प्रत्यक्षात बिल्डच्या वेळी एक टेम्पएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) माउंट करायचं राहिलेलं असतं. म्हणून सीएचरूटमध्ये बिल्ड यशस्वी झालं तरी बाहेरच्या आणि आतल्या कॉन्फिगरच्या निकालांची तुलना करण्याची सवय मी प्रत्येकाला लावतो. ‘/डेव्ह/पीटीएस’ नसेल तर एक्स्पेक्ट आणि डेजाग्नू ही साधनं वापरणाऱ्या चाचण्या ‘सिस्टिममध्ये पीटीवाय (आभासी टर्मिनल) शिल्लक नाहीत’ म्हणून पडतात. हे निदान त्या मानाने पटकन होतं.

माउंट करताना एक गोष्ट विसरू नका, कारण तिचा फटका बाहेरच्या चालत्या सिस्टिमला बसतो. सिस्टिमडी असलेल्या यंत्रांवर माउंट सहसा ‘शेअर्ड’ असतात. तुम्ही ‘/डेव्ह’ आर-बाइंड करून (त्याच्याखालच्या माउंटांसकट जोडून) आत आणलंत आणि काम झाल्यावर ते सगळं एकत्र अनमाउंट केलंत, तर ते अनमाउंट बाहेरही पसरतं. बाहेरचं ‘/डेव्ह/पीटीएस’ निघून जातं आणि नवीन टर्मिनल उघडणं बंद होतं, एसएसएचवरून आत येतानाही पीटीवाय मिळत नाही. आर-बाइंड केल्यावर लगेच ‘मेक-आर-स्लेव्ह’ लावा, म्हणजे आतले बदल आतच राहतात.

आता बाहेरून आत झिरपणाऱ्या गोष्टी. सीएचरूटची आज्ञा एन्व्हायर्नमेंटला हात लावत नाही. तुमच्या शेलमधले सीफ्लॅग्ज, एलडी-लायब्ररी-पाथ, पीकेजी-कॉन्फिग-पाथ जसेच्या तसे आत जातात आणि तिथे अस्तित्वात नसलेल्या जागा दाखवत राहतात. काही सिस्टिमवर पॅम या लॉगिन-व्यवस्थेचं एक मॉड्यूल टेम्पडिर हे व्हेरिएबल प्रत्येक युजरच्या स्वतंत्र डिरेक्टरीकडे वळवतं. ती डिरेक्टरी आत नसते, आणि मेकटेम्प वापरणाऱ्या स्क्रिप्ट ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून पडतात. जीसीसी अशा वेळी दुसरी जागा शोधून काम चालवतो, त्यामुळे अर्धं बिल्ड होतं आणि अर्धं पडतं, आणि माणूस चक्रावतो. उपाय म्हणजे ‘एन्व्ह-आय’ने सगळं पुसून आत जाणं, आणि होम, टर्म, पाथ एवढंच हाताने देणं. लोकेलसाठी सी-डॉट-यूटीएफ-८ ठेवा. जीलिबसी (ग्नूची सी लायब्ररी) २.३५ पासून ते मूळ प्रकल्पातच आलं आहे, डेबियनमध्ये त्याच्या आधीपासून होतं. पर्ल ‘सेटिंग लोकेल फेल्ड’ म्हणून ओरडतो तो इशारा आहे, एरर नव्हे. पण ज्या चाचण्या आउटपुट अक्षरशः ताडून बघतात त्या या इशाऱ्यामुळेही पडू शकतात.

‘सीएचरूट: बॅश चालवता आला नाही, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही एरर, फाइल डोळ्यांसमोर असताना आली, तर शोध बॅशचा घेऊ नका. कर्नलला न सापडलेली फाइल म्हणजे त्या बायनरीने मागितलेला डायनॅमिक लोडर, म्हणजे लायब्ररी जोडून प्रोग्राम सुरू करणारी फाइल. ६४ बिट इंटेल-एएमडीवर तो ‘/लिब६४’मधला एलडी-लिनक्स असतो. त्याऐवजी ‘एक्झेक फॉर्मॅट एरर’ आली तर आर्किटेक्चर वेगळं आहे, परक्या आर्किटेक्चरचे प्रोग्राम चालवणारा क्यूईएमयू-युजर हा एम्युलेटर आणि कर्नलला तो जोडून देणारं बिनएफएमटी-मिस्क लागेल. कर्नल ४.८ पासून बिनएफएमटीच्या नोंदीला ‘एफ’ फ्लॅग देता येतो. त्यामुळे एम्युलेटर नोंदणीच्या वेळीच उघडून ठेवला जातो आणि त्याची प्रत सीएचरूटमध्ये ठेवावी लागत नाही. ३२ बिट सीएचरूट ६४ बिट कर्नलवर चालवताना यूनेमने आर्किटेक्चर विचारलं तर कर्नल स्वतःचं उत्तर देतं, आणि अनेक बिल्ड स्क्रिप्ट त्यावर विश्वास ठेवून चुकीचे फ्लॅग्ज लावतात. आत जाताना लिनक्स३२ वापरा.

कर्नल बाहेरचंच असतं याचा त्रास जुन्या वितरणांत फार होतो. सेंटओएस ६ चा सीएचरूट नव्या कर्नलवर उघडला आणि बॅशच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मेला, तर तो सीएचरूट खराब नाही. त्यातली जीलिबसी २.१२ व्हीसिसकॉल ही कर्नलला हाक मारायची जुनी पद्धत वापरते आणि तुमच्या कर्नलमध्ये ते बंद आहे. बूटच्या वेळी व्हीसिसकॉल=इम्युलेट द्यावं लागतं. उलट बाजूने, जुन्या कर्नलवर नवी जीलिबसी ‘कर्नल टू ओल्ड’ असं स्पष्टच सांगते.

नेटवर्क बाहेरचं, पण नाव सोडवण्याची फाइल आतली. रिझॉल्व्ह-कॉन्फ ही अनेकदा ‘/रन’मधल्या फाइलीकडे जाणारी लिंक असते, आणि आत ‘/रन’ रिकामं असतं. लिंक नको, तिच्या पलीकडची खरी फाइल कॉपी करा. पण त्याआधी विचारा की बिल्डला नेटवर्क लागतंच कशाला. डेबियनच्या धोरणात बिल्डच्या वेळी नेटवर्क वापरायला मनाई आहे. स्वच्छ सीएचरूटमध्ये बिल्ड करणारी पीबिल्डर आणि फेडोराचा मॉक ही साधनंही ते मुळातच बंद ठेवतात. पिप, कार्गो किंवा गो बिल्डच्या मध्येच काही ओढत असेल तर ते आधी पॅकेज करून किंवा सोर्समध्ये घेऊन ठेवायला हवं.

रूट म्हणून बिल्ड करू नका. ग्नू टारचं कॉन्फिगर रूटला थेट नकार देतं आणि आर्चचं मेकपीकेजीही देतं. टारचा नकार जबरदस्तीने ओलांडता येतो, पण आत एक साधा युजर बनवणं हेच बरोबर. परवानग्या तपासणाऱ्या चाचण्या रूटला सगळंच जमतं म्हणून पडतात, आणि त्या शोधण्यात विनाकारण दिवस जातो.

‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’ दिसलं तर डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघा, मेमरी संपून कर्नलने कंपायलर मारलेला असेल. समांतर कामं कमी करा. बिल्ड डिरेक्टरी टेम्पएफएसवर असेल तर तीही त्याच मेमरीतून खाते हे लक्षात घ्या. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ प्रत्येक वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल तर रॅमची तपासणी करा.

काहीच उमगत नसेल तेव्हा एसट्रेस, म्हणजे प्रोसेसचे सिस्टिम कॉल नोंदवणारा प्रोग्राम. तो सीएचरूटमध्ये टाकायची गरज नाही. बाहेरून एसट्रेस चालवा, ‘एफ’ पर्याय द्या म्हणजे तो पुढच्या सर्व प्रोसेस धरेल, आणि त्याला चालवायची आज्ञा म्हणून सीएचरूटचीच आज्ञा द्या. लॉग बाहेरच्या डिस्कवर लिहिला जाईल. त्यात ‘इनोएन्ट’ (फाइल सापडली नाही) हजारोंनी दिसतील, कारण लायब्ररी आणि हेडर शोधताना प्रत्येक पाथवर नकार मिळणं हे रोजचंच आहे. शून्य नसलेला कोड देऊन सर्वांत आधी बाहेर पडलेली प्रोसेस शोधा, तिचा नंबर घ्या, आणि फक्त तिच्याच ओळी खालून वर वाचा. दहा-वीस ओळींत उत्तर सापडतं.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बाहेर बिल्ड होतं आणि आत होत नाही, याचा अर्थ आतलं काहीतरी चुकलं असा लावायची घाई करू नका. तुमच्या रोजच्या यंत्रावर वर्षानुवर्षं साचलेली पॅकेजेस असतात, आणि बिल्ड त्यांच्यावर गुपचूप टेकलेलं असतं. स्वच्छ सीएचरूट ते उघडं करतो, त्यासाठीच तो बनवतात. ‘कॅनॉट फाइंड -एल’ आणि पुढे लायब्ररीचं नाव, किंवा पीकेजी-कॉन्फिगचं ‘नॉट फाउंड’ दिसलं, की हात लगेच आत जाऊन ते पॅकेज टाकायला शिवशिवतात. तसं करू नका. डेबियन पॅकेजच्या कंट्रोल फाइलच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये ते लिहा, आरपीएमची स्पेक फाइल असेल तर बिल्ड-रिक्वायर्समध्ये लिहा, आणि नव्या सीएचरूटमध्ये पुन्हा बिल्ड करा. हाताने टाकलेलं पॅकेज तुमचा आजचा बिल्ड पार पाडेल, पण तुमच्यानंतर ते बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाला तीच भिंत लागेल. इतकं झाल्यावर हाताने सीएचरूट सांभाळण्यापेक्षा एसबिल्ड, पीबिल्डर, मॉक किंवा आर्चची डेव्हटूल्स वापरा. ही साधनं माउंट, युजर आणि एन्व्हायर्नमेंट नीट लावतात. पीबिल्डरमध्ये ‘सी’ने सुरू होणारी हुक स्क्रिप्ट बिल्ड पडल्यावर चालते. तिच्यातून शेल उघडता येतो, म्हणजे पडलेल्या अवस्थेतच आत फिरून बघता येतं. मॉकमध्ये ‘नो-क्लीन’ लावून नंतर ‘शेल’ मागितलं की तेच साधतं. मॉकचा रूट-लॉग आणि बिल्ड-लॉग वेगवेगळे असतात. डिपेंडन्सी न मिळाल्याची तक्रार पहिल्यात असते, कंपाइलची दुसऱ्यात.

तर तुम्ही आता बिल्ड-इसेन्शियल टाका, ‘एन्व्ह-आय’ने आत जा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. तरी अडलं तर कॉन्फिग-लॉगमधल्या ‘फेल्ड प्रोग्राम वॉज’च्या वरच्या वीसेक ओळी आणि आतून घेतलेलं माउंटचं आउटपुट पाठवा, त्यावरून पुढचं सांगता येईल. आणि जुना सीएचरूट पुसण्याआधी बाहेरून फाइंडमाउंट चालवून त्या डिरेक्टरीखाली काहीही माउंट उरलेलं नाही याची खात्री करा. होम किंवा ‘/डेव्ह’ बाइंड राहिलेलं असताना आरएम-आरएफ केलंत, तर सीएचरूटसोबत बाहेरच्या खऱ्या फाइलीही पुसल्या जातील.